खाडीतल्या जिवाणूचं पेटंट मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीत तिघांची कंपनी, ठाणे खाडीच्या चिखलातून वेगळा केलेला जिवाणू खाऱ्या पाण्यातही चालणारं प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) देतो, पुढच्या महिन्यात एका परिषदेत पोस्टर लावायचंय, तर जिवाणूचं पेटंट मिळेल का आणि परवडेल का? मी ठाण्यात पेटंटचीच कामं करतो.

जिवाणूचं मिळणार नाही. निसर्गात आहे तसा सापडलेला सजीव पेटंट कायद्याच्या कलम ३(सी)मध्ये अडकतो. जनुकीय बदल केलेला असता तर गोष्ट वेगळी. एन्झाइम बनवायच्या प्रक्रियेवर मात्र दावा करता येतो. जिवंत विषाणू असलेल्या लशीच्या प्रक्रियेलाही केवळ त्या कारणाने पेटंट नाकारता येत नाही, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २००२ मध्ये डिमिनाको प्रकरणात म्हटलंय. फॉर्म्युलेशनवरही, म्हणजे एन्झाइम आणि इतर घटक मिळून बनलेल्या उत्पादनावरही, दावा करा, पण ते नुसतं मिश्रण नसून एकत्र आल्याने जास्त काम करतं, हे आकड्यांनी दाखवावं लागेल.

आता खरी निवड. तुमची प्रक्रिया कुणी त्याच्या बंद फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) उचलली तर तुम्हाला कळणार कसं? फॉर्म्युलेशन बाजारातून आणून तपासता तरी येतं. म्हणून मी फॉर्म्युलेशन पेटंटमध्ये टाकेन आणि फीड (जिवाणूंचं खाद्य) कधी, किती द्यायचं हे घरातच ठेवेन. पण ज्यावर दावा कराल त्याची तुम्हाला ठाऊक असलेली उत्तम पद्धत लपवता येत नाही, आणि स्ट्रेन, म्हणजे तुमचा जिवाणू, पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी अर्जाच्या तारखेपर्यंत जमा करावा लागतो. तो पुढे इतरांनाही मागता येतो. हे पटत नसेल तर पेटंटच्या भानगडीत पडू नका.

गुपित ठेवायचं तर नीट ठेवा. एका क्लायंटकडे फर्मेंटरवरच लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला होता: तापमान, पीएच, फीडचे तास, सगळं. सर्व्हिसिंगला येणारा माणूसही तो निवांत वाचू शकत होता. भारतात व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, सगळी भिस्त करारावर. 'नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' ही अट करार कायद्याच्या कलम २७मुळे कोर्टात टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते, तीच नीट लिहून घ्या.

पोस्टरआधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक पेटंट अर्ज, फाइल कराच. पोस्टरवर जे येणार ते सगळं त्यात हवं. नंतर कम्प्लीट, म्हणजे पूर्ण अर्जासाठी, १२ महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा उद्यम नोंदणीच्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ८०००. खरा खर्च पेटंट एजंटचा (म्हणजे आमचाच!), पण स्टार्टअपसाठीच्या सरकारी योजनेत नोंदवलेल्या फॅसिलिटेटरची (अर्जाचं काम करून देणाऱ्याची) फी सरकार देतं.

चिखल भारतातला, म्हणून पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागेल. कंपनीचा ताबा परदेशी गुंतवणूकदाराकडे गेला तर नोंदणीवर भागत नाही, मंजुरी लागते. नमुना फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून उचलला असेल तर वनखात्याच्या परवानगीचा कागद शोधून ठेवा.

आणि स्ट्रेन वेगळा केला तेव्हा तिघांपैकी कुणी कॉलेजात पीएचडी करत होतं का? असेल तर कॉलेजचा हक्क निघू शकतो. त्यांच्याकडून लेखी ना-हरकत आणा, मगच फाइल करा.