कार्डावरचा नंबर आणि जुन्या तक्रारी

प्रश्न: माझा मुलगा न्यूयॉर्कला शिकतो. मागच्या महिन्यात एका पोलिसाने त्याला फुटपाथवर अडवून अंगझडती घेतली. काही सापडलं नाही. जाताना नाव आणि बिल्ला नंबर छापलेलं कार्ड दिलं. या पोलिसावर आधी तक्रारी झाल्यात का, हे आम्हाला बघता येईल?
– एक आई

उत्तर: ताई, हा प्रश्न 2020 च्या आधी आला असता, तर ‘नाही’ एवढंच लिहून मी मोकळा झालो असतो. 1976 पासून त्या राज्यात ‘50-ए’ नावाचं कलम होतं. पोलिसाची शिस्तभंगाची फाइल न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय किंवा खुद्द त्या पोलिसाच्या संमतीशिवाय उघडत नसे. मी तिथे एका फौजदारी वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायचो. आमच्या अशिलाचं लहानसहान सगळं सरकारी वकिलाकडे असायचं आणि साक्षीला आलेल्या पोलिसाचं आमच्याकडे फक्त नाव. पोलीस मुख्यालयात पत्रकारांसाठी शिक्षांचे आदेश एका क्लिपबोर्डला लावलेले असत, 2016 मध्ये याच कलमावर बोट ठेवून तेही काढले. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, लोक रस्त्यावर आले आणि जूनमध्ये 50-ए रद्द झालं. पोलीस संघटना कोर्टात गेल्या, पण त्यांना ते थांबवता आलं नाही.

तेव्हा आता बघता येतं. सिव्हिलियन कम्प्लेंट रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे सीसीआरबी, या पोलिसांवरच्या तक्रारी तपासणाऱ्या नागरी मंडळाच्या संकेतस्थळावर पोलिसाचं नाव टाकून शोधा. नावच का, तर बिल्ला नंबर फसवतो. बढती मिळाली की बिल्ला बदलतो आणि जुना नंबर दुसऱ्याच्या छातीवर जातो. नुसत्या नंबरावर भरवसा ठेवून मी एकदा भलत्याच माणसाची यादी वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवली होती! नाव, हुद्दा, ठाणं, तिन्ही जुळवून पाहा.

यादी उघडली की आधी आकडा मोजाल. सगळे मोजतात. पण खरी गोष्ट निकालाच्या रकान्यात असते. ‘सब्स्टॅन्शिएटेड’ म्हणजे गैरवर्तन सिद्ध झालं. ‘अनफाउंडेड’ म्हणजे तसं घडलंच नाही. ‘एक्झॉनरेटेड’ म्हणजे घडलं, पण नियमात बसणारं होतं. आणि ‘अनसब्स्टॅन्शिएटेड’ म्हणजे पुरावा कुठल्याच बाजूला पुरेसा नाही. हा शेवटचा शब्द लोक ‘खोटी तक्रार’ असा वाचतात, ते साफ चूक. साक्षीदार सापडला नाही, असल्या कारणांनीही प्रकरण तिथेच अडकतं. (2022 पासून मंडळाने यातली काही नावं बदलली, जुन्या नोंदींत मात्र तीच दिसतील.) एकाच पोलिसावर झडतीच्याच अशा चार-पाच तक्रारी दिसल्या, तर मी तरी थांबून वाचतो. सिद्ध झालेल्या प्रकरणातही मंडळ फक्त शिफारस करतं, शिक्षा ठरवतो पोलीस आयुक्त. म्हणून शिफारस काय होती आणि हातात काय पडलं, हे दोन्ही बघा.

यापलीकडचे कागद हवे असतील, तर तिथल्या माहिती कायद्याखाली, ज्याला ‘फॉइल’ म्हणतात, अर्ज करावा लागतो. नकार आला तर 30 दिवसांत अपील. ‘तक्रार सिद्ध झाली नव्हती, म्हणून देत नाही’ असं सरसकट उत्तर आता चालत नाही, फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. उत्तराला मात्र महिनोन्‌महिने लागतात, तयारी ठेवा.

आणि एक विचारतो, ताई, रागावू नका. मुलाने स्वतः तक्रार केली का? नसेल केली, तर त्या यादीत मागच्या महिन्यातली झडती नसणारच. उद्या दुसरी कोणी आई तेच नाव शोधेल आणि तिला तुमच्या मुलाची ओळ दिसणार नाही. घटनेपासून साधारण 18 महिन्यांच्या आत पोलिसावर शिस्तभंगाची कारवाई सुरू व्हावी लागते, म्हणून उशीर नको. कार्ड जपून ठेवायला सांगा आणि तारीख, वेळ, कोपऱ्यावरच्या दोन्ही रस्त्यांची नावं आजच लिहून काढायला सांगा. पोलिसाच्या अंगावर कॅमेरा होता का, हेही त्याला आठवायला लावा. असेल, तर ते चित्रण मागता येतं.