टूथपेस्ट नंतर, आधी ओठ वर करून बघ

गब्बर सहा वर्षांचा, घरातच राहणारा बोका. महिनाभरापासून तोंडाला वास, आणि तू लिहिलंयस तसं ‘खातो, पण पूर्वीसारखं नाही’. तुझा प्रश्न असा की मांजरांची टूथपेस्ट कोणती घ्यावी, की आजी म्हणते तसं हळद-मीठ किंवा लवंगेचं तेल लावून बघावं. तुला एकेरीच लिहिते, माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस.

लवंगेच्या तेलाची बाटली आधी कपाटात ठेव. त्यातलं युजेनॉल निकामी करून बाहेर टाकायची सोय माणसाच्या यकृतात आहे, मांजराच्या यकृतात ती फारच तोकडी. पॅरासिटामॉलचीही तीच गत, एका गोळीतही मांजराचा जीव जाऊ शकतो. ‘तोंड दुखत असेल बिचाऱ्याचं’ म्हणून घरातली गोळी चारणारे लोक मी पाहिलेत, म्हणून न विचारता सांगून ठेवते. हळदीने काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही, सोफा तेवढा पिवळा होईल. आपली टूथपेस्टही नको. मांजर चूळ भरत नाही, फेस आणि फ्लोराइड दोन्ही गिळतं. आजींना नाराज करू नकोस, त्यांना गब्बरला मांडीवर धरायचं काम दे. ते लागणारच आहे.

आता तुझं ते ‘पूर्वीसारखं नाही’. मला तेच खटकलं, कारण माझ्या सोनीचं असंच झालं होतं. भूक लागली की वाटीपाशी धावत यायची, एक दाणा उचलायची, मान तिरपी करून दोनदा चावायची आणि टाकून द्यायची. कधी कधी तर वाटीवरच फिसकारायची. मला वाटलं, हिला सुक्या झिंग्यांची चटक लागली, आता दाणे गोड लागून नाही राहिले. वासाचं खापरही झिंग्यांवरच फोडलं. पाण्यात टाकायचं कसलंसं औषध मागवलं आणि चार महिने इमानदारीने टाकत राहिले. शेवटी दिवाळीत नणंद आली, तिने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, “वहिनी, हे मांजर काहून एकाच बाजूने खाऊन राहिलं?” चार महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं, दिसलं तिला.

सोनीच्या खालच्या जबड्यातल्या एका दाढेवर हिरडीचं लाल मांस चढलं होतं, जणू कोणी दातावर लाल मणी चिकटवलाय. खाली दात विरघळत चालला होता. याला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात आणि मांजरांत ते बरंच आढळतं. ही माणसाच्या दातासारखी कीड नाही, त्यामुळे चांदी भरून भागत नाही, दात काढावाच लागतो. काढल्यावर आठवड्याभरात ती दोन्ही बाजूंनी खायला लागली. मांजर दुखणं लपवतं, आणि पोट भरायचं असतं म्हणून दुखत असतानाही खातं. ‘खातोय ना, मग ठीक आहे’ हा हिशेब म्हणून चुकतो.

तेव्हा आज एवढंच कर. ट्यूबलाइटखाली जमिनीवर बस, गब्बरला पाठमोरा दोन पायांच्या मध्ये घे, अंगाभोवती टॉवेल. जबडा उघडायचा नाही. डोक्यावर हात ठेवून अंगठ्याने गालाजवळचा वरचा ओठ फक्त वर सरकव. दोन सेकंद बघ, सोड, लाड कर, मग दुसरी बाजू. मागच्या मोठ्या दाढेवर पिवळी-तपकिरी खपली दिसते का? हिरडीच्या कडेला लाल रेघ आहे का? कुठे मांस दातावर चढलंय का? नुसती खपली असेल तर दातांची सफाई, म्हणजे स्केलिंग करून बहुतेक भागेल. लाल रेघ म्हणजे हिरडी सुजलीय. घशाच्या बाजूला सगळंच लालभडक असेल आणि त्याला जांभई देतानाही कळ येत असेल, तर तो स्टोमॅटायटिस, म्हणजे तोंडभर पसरलेली सूज, असू शकतो. ते प्रकरण मोठं असतं, कधी सगळ्या दाढा काढाव्या लागतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बिनदातांची मांजरं मजेत खातात, हे मी घरी पाहिलंय.

यात घाबरण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मांजरांच्या आरोग्याचं केंद्र सांगतं की ४ वर्षांवरच्या ५० ते ९० टक्के मांजरांना दातांचा काही ना काही आजार असतो.

वास कसला आहे, तेही नाक लावून ठरव. सडक्या मांसासारखा असेल तर बहुधा दात-हिरडी. मुतारीसारखा, डोळ्यांत चढणारा वास असेल, तो पाणी जास्त पीत असेल आणि त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे होत असतील, तर किडनी. पिकून सडलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा गोडसर असेल, तर साखर, म्हणजे मधुमेह. या शेवटच्या दोन्हींत तोंडात काही लावून उपयोग नाही, रक्त तपासावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे सगळीच मांजरं जास्त पाणी पितात, त्यामुळे नुसत्या पाण्यावरून निष्कर्ष काढू नकोस.

आणि एक खास आपल्या नागपूरचं. संक्रांतीनंतर गच्चीवर, गॅलरीत मांजाचे तुकडे महिनाभर लोंबत असतात. मांजर ते चघळतं, दोरा जिभेच्या मुळाशी अडकतो आणि दुसरं टोक पोटात जातं. लाळ गळते, वास येतो, उलट्या होतात. जिभेखाली दोरा दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून दवाखान्यात. ओढलास तर आतडं कापलं जाऊ शकतं. डोळ्याखाली गाल सुजला, लाळेत रक्त आलं किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तरी थांबू नकोस. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. गब्बर या नावावरून मला तो बारीक वाटत नाही.

दवाखान्याचं तू विचारलं नाहीस, पण तिथे जावं लागेलच. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा दवाखाना आहे, शिवाय खासगी डॉक्टर आहेत. जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचार. मांजराच्या दाताचा एक्स-रे होतो का? निम्मा दात हिरडीखाली असतो आणि खरा बिघाड बरेचदा तिथेच असतो. दुसरं, रक्ततपासणी, भूल, स्केलिंग आणि दात काढणं यांचे पैसे एकत्र की वेगवेगळे? नाहीतर काउंटरवर भांडण होतं.

भुलीला सगळेच भितात. मीही भ्यायले होते. पण भूल न देता खरवडून देणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नकोस. वरून दात चकचकीत होतात, हिरडीखालची घाण तशीच राहते आणि मांजर जन्माचं तोंडाला हात लावू देत नाही. नीट केलेल्या भुलीत आधी किडनी-यकृताची तपासणी होते, श्वासनलिकेत नळी घालतात म्हणजे मशीनचं पाणी फुप्फुसात जात नाही, आणि शेवटी पॉलिश करतात. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरच सांगतील. उन्हाळ्यात असेल तर सकाळची पहिली वेळ माग, ४५ डिग्रीत ऑटोतून बास्केट नेणं म्हणजे वेगळाच आजार ओढवून घेणं. मात्र भुलीतून उठलेलं मांजर थंड पडतं. घरी आणल्यावर त्याला कूलरच्या झोतासमोर ठेवू नकोस. सोनीला मी ठेवलं होतं, लाडाने. थरथर कापत होती.

आता तुझी टूथपेस्ट. ती या सगळ्यानंतर, तोंड बरं झाल्यावर. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवलास तर तो दोन वर्षं विसरणार नाही. प्राण्यांसाठीची कोणतीही एन्झाइमवाली पेस्ट चालेल, कंपनीपेक्षा चव महत्त्वाची. चिकनच्या चवीची बहुतेकांना आवडते. पहिला आठवडा बोटावर पेस्ट चाटू दे, बस. दुसऱ्या आठवड्यात तेच बोट ओठाखालून दाढेवर फिरव. मग बोटाला गॉज गुंडाळ, आणि मग लहान बाळाचा मऊ ब्रश. फक्त बाहेरची बाजू, आतली बाजू जीभ सांभाळते. एका बाजूला अर्धा मिनिट पुष्कळ झालं. रोज जमलं तर उत्तम, कारण दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि कडक झाला की ब्रशला ऐकत नाही. आमच्याकडे रात्री भांडी आवरली की सोनी आपणच ओट्यापाशी येऊन बसते. आमचा दुसरा बोका ढब्बू मात्र पेस्टचं झाकण उघडल्याचा आवाज आला की पलंगाखाली जातो. त्याला आठवड्यातून तीनदा पकडते, त्यात समाधान मानते.

‘सुके दाणे खाल्ले की दात साफ होतात’ हे दुकानदार सांगतात. साधा दाणा पापडासारखा तुटतो, दात घासला जातच नाही. दातांसाठी बनवलेले मोठे दाणे वेगळे मिळतात, त्यांचा उपयोग होतो, तेही पाकिटावर व्हीओएचसीची, म्हणजे प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं पारखणाऱ्या संस्थेची, खूण असेल तर. शिजवलेलं हाड देऊ नकोस, टोकदार फुटतं. आणि दूध-पोळीवर मांजर वाढवायचं नाही, तो विषय पुन्हा कधीतरी.

खाली कमेंटमध्ये एका ताईंनी चार महिन्यांच्या पिल्लाच्या वासाबद्दल विचारलंय. दुधाचे दात पडत असतील, थोडा वास आणि हिरडीवर रक्ताचा ठिपका चालतो. मागे नवे दात नीट येतायत ना, तेवढं बघत राहा.

गब्बरला न्यायच्या आदल्या दिवशी तो खात असताना मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढ, समोरून, मान कोणत्या बाजूला वळते ते दिसेल असा. दवाखान्याच्या टेबलावर तो तोंड उघडणार नाही आणि तुला जे सांगायचंय ते तिथे नेमकं आठवणार नाही.