झाड लेसरला दिसतं, पण ते साग की ऐन हे कोण सांगणार?

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही चंद्रपूरकडं 22 वर्षं वनरक्षक, मुलगी बीएस्सी भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला, आणि एक व्हिडिओ बघून ती आता म्हणतेय की लेसरनं जंगलातलं एकेक झाड ओळखायचं काम करणार, त्यासाठी आधी ड्रोनचा कोर्स हवाय. आणि तुम्ही विचारताय की आम्ही छातीएवढ्या उंचीवर टेप गुंडाळून गोलाई घेतो, तिथं लेसर कशाला, आणि पोरीला नोकरी कोण देईल?

आधी ड्रोनचं. आत्ता पैसे भरू नका. वय 18 आणि 10 वी पास एवढ्यावर तो कोर्स करता येतो, त्यामुळं उडवणारे भरपूर होणारेत. काम अडतं ते त्याच्या पुढं.

ड्रोनवर बसवलेलं मशीन लेसरचे लाखो झोत सोडतं आणि प्रत्येक झोत आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं (एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे 15 सेंटीमीटरचा फरक, इतकं बारीक घड्याळ असतं ते), आणि शेवटी हातात येतो नुसता ठिपक्यांचा ढग. त्यात कुठंही "हे झाड" असं लिहिलेलं नसतं. मग सॉफ्टवेअर आजूबाजूपेक्षा उंच असलेला ठिपका शोधतं आणि म्हणतं, हा शेंडा म्हणजे एक झाड. फिनलंडमध्ये स्प्रूस (सूचिपर्णी झाडं) सुळक्यासारखे उभे असतात, तिथं हे मस्त जमतं. आपल्याकडं सागाचा माथा पसरट, दोन-तीन ठिकाणी वर आलेला, की झाली एका झाडाची दोन! बरं, शेंडा शोधायची खिडकी (एका वेळी किती जागेत एकच शेंडा धरायचा ती) मोठी केली तर शेजारचा धावडा गायब. बांबूचं अख्खं बेट एक झाड म्हणून मोजलं जातं, आणि मोठ्या झाडाखालचं लहान झाड वरून बऱ्याचदा सापडतच नाही.

जमिनीवरून स्कॅन केलं की वेगळीच गंमत. माझ्या एका विद्यार्थ्यानं दाखवलेलं, ठिपक्यांच्या ढगाचा छातीएवढ्या उंचीवरचा 10 सेंटीमीटर जाडीचा काप घेतला की प्रत्येक खोड म्हणजे ठिपक्यांचं एक कडं दिसतं, अगदी बांगडीसारखं, त्यावरून व्यास काढायचा. एकाच बाजूनं स्कॅन केलं असेल तर अर्धीच बांगडी. म्हणजे बघा, तुमची टेप गेलेली नाही, ती फक्त कॉम्प्युटरमध्ये गेलीय. आणि बाहेरही लागतेच, मलेशियात सबाहच्या जंगलात 100 मीटरचं झाड विमानातल्या लेसरनं सापडलं तरी 2019 मध्ये एक माणूस टेप घेऊन शेंड्यापर्यंत चढला, तेव्हा 100.8 मीटर पक्कं झालं.

आता नोकरी. खरं सांगते, "झाडं ओळखणारा लेसरवाला" अशी जाहिरात आपल्याकडं निघत नाही. केंद्रानं 2020 मध्ये वॅपकॉस या सरकारी कंपनीला जंगलांच्या लायडार (म्हणजे हेच लेसरनं मोजणं) सर्वेचं काम दिलं होतं, 2021 मध्ये 10 राज्यांचे रिपोर्ट आले, त्यात महाराष्ट्र-गोवाही होते, पण तो सर्वे झाडं मोजायला नव्हता, वन्यप्राण्यांसाठी पाणी-चारा कुठं वाढवता येईल त्यासाठी होता. पण ठिपक्यांचा ढग हाताळता आला की तेच काम खाणीत, रस्त्यांना, वीजवाहिन्यांना चालतं, आणि खाणी तर तुमच्या दारातच आहेत. जंगलाचंच करायचं तर नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं उपग्रह-नकाशांचं केंद्र), डेहराडूनची फॉरेस्ट सर्वे ऑफ इंडिया, यांच्या प्रोजेक्टच्या जागांवर लक्ष ठेवायचं, त्या बहुतेक कंत्राटी असतात हे आधीच सांगून ठेवते. बीएस्सीनंतर पुण्यात जिओइन्फॉर्मॅटिक्सची (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायची) एमएस्सी करता येईल. तोवर डेहराडूनच्या आयआयआरएसचे (इस्रोची रिमोट सेन्सिंग शिकवणारी संस्था) ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ठिपक्यांचा ढग हाताळायची क्लाउडकंपेअर आणि आर ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, फिनलंडचा लेसर डेटासुद्धा फुकट आहे. थोडं कोडिंग शिकावं लागेल, त्यातून सुटका नाही.

एक गोष्ट मात्र तिच्याकडं आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडं नाही, ती म्हणजे तुम्ही. लेसर आकार देतो, जात सांगताना मात्र अडखळतो. हा ऐन, हा बिजा, ही मोवई, हे कुणीतरी जागेवर उभं राहून लिहून दिल्याशिवाय कॉम्प्युटरला शिकवता येत नाही, आणि असं लिहून देणारे लोक लॅबमध्ये मिळत नाहीत हो.

म्हणून या मे महिन्यात एक करा. सागाची पानं गळलेली असतात, खोडं मोकळी दिसतात. नातेवाइकांत कुणाकडं लेसरवाला आयफोन प्रो असेल तर दोन दिवस मागून आणा (पाचेक मीटरपर्यंतच दिसतं त्याला, पण शिकायला पुरे) आणि शेताच्या धुऱ्यावरची 20 झाडं तिला स्कॅन करू द्या, त्यावरून गोलाई आणि जात तिची तिला लिहू द्या. त्याच झाडांची गोलाई तुम्ही टेपनं घ्या, जात लिहा, आणि तिचं होईपर्यंत तुमची वही तिला दाखवू नका. मग दोन्ही याद्या मला पाठवा, तिची मोवई कुठं कुठं चुकली ते मला बघायचंय.