टॅबवर झळकणारे सुरक्षेचे इशारे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टॅबच्या पडद्यावर अचानक येणाऱ्या इशाऱ्यांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मेनूंची नावे कंपनीनुसार थोडीफार बदलतात. उत्तरात दिलेले नाव तुमच्या टॅबवर दिसले नाही, तर सेटिंग्ज उघडून भिंगाच्या चिन्हावर बोट ठेवा आणि तो शब्द तिथे टाइप करा.

प्रश्न : अँड्रॉइड टॅबवर क्रोममध्ये एक पाककृती वाचत असताना पूर्ण पडदा लाल झाला. 'तुमच्या टॅबमध्ये १३ व्हायरस आहेत, दोन मिनिटांत सिमकार्ड खराब होईल' असा मजकूर, खाली उलटी मोजणी आणि 'आत्ताच स्वच्छ करा' असे बटण. टॅब थरथरत होता, भोंगाही वाजत होता. त्यावर माझ्या टॅबचे मॉडेल आणि माझ्या शहराचे नाव अचूक होते. बॅक दाबले तरी तेच पान परत येते. खरेच व्हायरस आहे का? (एक वाचिका, सांगली)

नाही. तुम्ही पाहिलात तो तपासणीचा निकाल नव्हे, ते एक जाहिरातीचे पान आहे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबपानाला टॅबमधल्या फायली किंवा अॅप तपासण्याची मुभाच नसते, त्यामुळे ते व्हायरस मोजूच शकत नाही. तेरा हा आकडा त्या पानात आधीच लिहून ठेवलेला असतो. मॉडेलचे नाव ब्राउझरकडून साइटला कळू शकते आणि शहराचा अंदाज इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून बांधता येतो. थरथर आणि आवाज या सोयी तर क्रोम कोणत्याही पानाला देतो. बॅक चालत नाही, कारण ते पान उघडतानाच इतिहासाच्या यादीत स्वतःच्या अनेक नोंदी घुसवते. तुम्ही एक पायरी मागे जाता आणि तिथेही तेच पान उभे असते. पाककृतीची साइट वाईटच असेल असेही नाही. तिने ज्यांना जाहिरातीची जागा विकली, त्यांच्यामार्फत असली पाने घुसतात.

बाहेर पडताना पानावर कुठेही बोट लावू नका, कोपऱ्यातल्या फुलीवरही नाही आणि 'नको' या बटणावरही नाही. ती फुली म्हणजे बहुतेक वेळा नुसते चित्र असते. शिवाय बोट लागले की पानाला पूर्ण पडदा व्यापता येतो किंवा नवी खिडकी उघडता येते. पडदा आधीच व्यापला असेल आणि खालची बटणे दिसत नसतील, तर वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, ती परत येतात. मग होम दाबा.

पुढची पायरी बरेच जण चुकवतात. क्रोम बंद करून लगेच उघडले, की तो शेवटचे पान पुन्हा लोड करतो आणि भोंगा पुन्हा सुरू होतो. म्हणून आधी एरोप्लेन मोड लावा. मग क्रोम उघडा. नेट नसल्यामुळे ते पान सहसा धडपणे उभे राहत नाही. उघडलेल्या पानांच्या यादीत जाऊन ते पान तिथूनच बंद करा आणि मग नेट सुरू करा. क्रोम अजिबात दाद देत नसेल, तर सेटिंग्ज, अॅप्स, क्रोम या क्रमाने जाऊन 'फोर्स स्टॉप' करा. त्याने साठवलेले काहीही पुसले जात नाही.

शेवटी क्रोमच्या तीन ठिपक्यांतून 'डिलीट ब्राउझिंग डेटा' उघडा, कालावधी चोवीस तासांचा निवडा आणि फक्त कुकीज व कॅश, म्हणजे साइटनी ठेवलेल्या नोंदी व तात्पुरत्या फायली, पुसा. सेव्ह केलेले पासवर्ड पुसण्याची गरज नाही, त्या चौकटीतली खूण काढून टाका. 'स्वच्छ करा' दाबले गेले असेल तरी घाबरू नका. त्यातून एखादी फाइल डाउनलोड झाली असेल, तर ती इन्स्टॉल होईपर्यंत काही करत नाही. फाइल्स अॅपमधल्या डाउनलोड्समधून ती काढून टाका. त्या पानाने प्ले स्टोअरवरच्या एखाद्या 'क्लीनर' अॅपकडे नेले असेल आणि तुम्ही ते घेतले असेल, तर नुसते अॅप काढून भागत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' पाहा, कारण मोफत चाचणी संपल्यावर पैसे कापले जाणे अॅप काढल्याने थांबत नाही. यूपीआय अॅपमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापण्याच्या परवानग्यांची, यादीही बघून घ्या.

क्रोम स्वतःही कधीकधी लाल पडदा दाखवतो आणि पुढची साइट धोकादायक असल्याचे सांगतो. तो इशारा खरा असतो. तो सुरक्षित ठिकाणी मागे फिरा एवढेच सुचवतो. काही डाउनलोड करायला लावत नाही, कुठला नंबर फिरवायला सांगत नाही, घड्याळ लावत नाही. इशारा आपल्याकडून काय करून घेऊ पाहतो हे पाहणे, ही ओळखीची सर्वांत भरवशाची खूण आहे.

प्रश्न : रोज सकाळी 'बॅटरी बिघडली', 'मेमरी धोक्यात' अशा सूचना वरच्या पट्टीत येतात. अँटिव्हायरसने तपासले तर काहीच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण टॅबमध्ये काही बसवलेलेच नाही. कधीतरी एखाद्या पानाने 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असे म्हटले असेल आणि ते दाबले गेले असेल. त्या एका दाबण्याने त्या साइटला तुमच्या टॅबवर सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली. सूचना उघडू नका, तिच्यावर बोट दाबून धरा. साइटचे नाव दिसेल आणि तिथेच ती बंद करण्याचा पर्यायही येईल. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' उघडून परवानगी मिळालेल्या साइटची यादी वाचा. एक सापडली की बहुतेक दोन-चार आणखी निघतात. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या ब्लॉक करा. आमचे मत विचाराल, तर वरचे मुख्य बटणच बंद ठेवावे, म्हणजे कुठलीही साइट परवानगी मागायलाच येणार नाही. वर्तमानपत्रांच्या सूचना हव्या असतील तर त्यांची अॅप आहेत. टॅबवर दुसराही ब्राउझर असेल, तर हीच यादी त्यातही पाहा.

प्रश्न : माझ्याकडे पूर्ण पडदा व्यापणारा इशारा क्रोम बंद असतानाही, अगदी होम स्क्रीनवरसुद्धा येतो.

मग तो वेबपानाचा नाही, एखाद्या अॅपचा आहे आणि त्याला शोधावे लागेल. इशारा पडद्यावर असतानाच रिसेंट्सचे, म्हणजे नुकतीच वापरलेली अॅप दाखवणारे, बटण दाबा. त्या वेळी वरती ज्या अॅपचे चिन्ह दिसेल, ते बहुधा दोषी असते. तिथे कळले नाही, तर सेटिंग्ज, अॅप्स, 'स्पेशल अॅप अॅक्सेस', 'डिस्प्ले ओव्हर अदर अॅप्स' येथे जा. सॅमसंगमध्ये याच यादीला 'अपिअर ऑन टॉप' म्हणतात. दुसऱ्या अॅपवर आपली खिडकी मांडण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, ते इथे दिसते. टॉर्च, कॅलेंडर, क्यूआर स्कॅनर अशा साध्या कामाच्या अॅपला या परवानगीची गरजच नसते. 'ऑल अॅप्स'ची पूर्ण यादीही खालपर्यंत वाचा. नाव कोरे असलेले किंवा चिन्ह पारदर्शक असलेले अॅप होम स्क्रीनवर दिसत नाही, या यादीत मात्र त्याची ओळ असतेच.

अॅप काढू देत नसेल, तर टॅब सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच टॅबवर पॉवर बटणाने बंद करण्याचा मेनू आणून, त्यातल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरले की सेफ मोडचा प्रश्न येतो. या मोडमध्ये तुम्ही घातलेली अॅप चालत नाहीत, त्यामुळे इशाराही येत नाही आणि निवांतपणे काम करता येते. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल, तर त्या अॅपने प्रशासकाचा अधिकार घेतला आहे. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अॅडमिन' शोधा, तिथली त्याची खूण काढा, मग अॅप काढा. नेहमीप्रमाणे टॅब पुन्हा सुरू केल्यावर प्ले स्टोअरच्या प्रोफाइल मेनूतून 'प्ले प्रोटेक्ट' उघडून स्कॅन चालवा. अँड्रॉइडची खरी तपासणी हीच.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली, ती मी इन्स्टॉल केली. आता ते अॅप अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागते आहे. देऊ का? (एक वाचक, नाशिक)

मुळीच देऊ नका. एपीके म्हणजे अॅप बसवण्याची फाइल. वाहतुकीचे चलन अशा फाइलने येत नाही. ते परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर गाडीचा क्रमांक घालून आपण स्वतः पाहायचे असते. लग्नाची पत्रिका किंवा बँकेचे केवायसी म्हणून येणाऱ्या एपीकेही याच जातीच्या.

अॅक्सेसिबिलिटी ही दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी केलेली मोलाची सोय आहे. ती मिळालेले अॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. बँकेचे अॅप उघडले की त्यात काय दिसते, कोणता ओटीपी आला, हे सगळे त्याला कळते. म्हणूनच अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या अशा अॅपला ही परवानगी सहज मिळत नाही, 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' अशी चौकट येते. ही चौकट खरी आहे आणि ती तुमच्या बाजूने उभी आहे. फसवणारे नेमके तीच ओलांडायची कशी, हे चित्रांसकट समजावून पाठवतात. खोटे इशारे आरडाओरडा करतात म्हणून आपण त्यांचे ऐकतो, आणि खरे इशारे शांत भाषेत येतात म्हणून न वाचताच 'ओके' करतो. ही सवय मोडायलाच हवी.

आता ताबडतोब करायचे ते असे. वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. टॅबमध्ये सिम असेल तर तेही काढा, कारण एसएमएस पुढे पाठवायला नेट लागत नाही. सेटिंग्जमधल्या 'अॅक्सेसिबिलिटी'त त्या अॅपला परवानगी दिली गेली असेल तर ती काढा, 'डिव्हाइस अॅडमिन' पाहा, मग अॅप अनइन्स्टॉल करा. ज्या टॅबवर बँकेचे अॅप आहे, त्यात एवढ्यावर न थांबता फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढून फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे टॅबमधले सगळे पुसून तो नव्यासारखा करावा. नंतर अॅपचे बॅकअप परत आणू नका, प्ले स्टोअरमधून ताजी घ्या.

दरम्यान दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा, पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. वेळेला फार महत्त्व आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी ती गोठवता येऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसानही बँकेला कळवेपर्यंतच ग्राहकाच्या माथी ठेवले आहे, कळवल्यानंतरचे बँकेने सोसायचे. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. अशी अॅप हीच फाइल तुमच्या नावाने इतरांना पाठवू शकतात, तेव्हा नातेवाइकांना आणि गटांनाही सावध करा. शेवटी 'इन्स्टॉल अननोन अॅप्स'च्या यादीत व्हॉट्सअॅप आणि क्रोम या दोघांचीही परवानगी बंद करून टाका.

प्रश्न : आयपॅडच्या कॅलेंडरमध्ये रोज 'आयपॅडला धोका, इथे दाबा' अशा नोंदी पडतात. एकेक पुसून कंटाळा आला. शिवाय मधूनच अॅपल खात्याचा पासवर्ड मागणारी चौकट येते, ती खरी कशी ओळखायची?

नोंदी पुसत बसू नका, ज्या कॅलेंडरमधून त्या येतात तेच काढा. कॅलेंडर अॅपमध्ये 'कॅलेंडर्स'ची यादी उघडा, अनोळखी नावापुढच्या गोलातल्या 'आय'वर दाबा, खाली सरकून ते कॅलेंडर काढून टाका. सगळ्या नोंदी एकदम जातात. तसेच सेटिंग्ज, जनरल, 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' येथे अनोळखी प्रोफाइल, म्हणजे बाहेरून बसवलेला सेटिंग्जचा संच, नाही ना, तेही पाहा. शाळेने किंवा कचेरीने दिलेल्या आयपॅडवर तिथे त्यांचे प्रोफाइल असते, त्याला हात लावू नका.

पासवर्डच्या चौकटीची शंका आली की होमला जाऊन पाहा. चौकट त्या अॅपबरोबर नाहीशी झाली तर ती अॅपची किंवा पानाची होती. पण दरवेळी पारख करत बसण्यापेक्षा सोपा नियम असा, की अचानक आलेल्या चौकटीत पासवर्ड घालायचाच नाही. 'कॅन्सल' करा, सेटिंग्ज उघडा आणि सर्वांत वर आपल्या नावावर जा. खरोखर पासवर्ड हवा असेल तर तिथेही तशी सूचना असते, ती तिथे भरा.

प्रश्न : टॅबवर 'तुम्ही साइन इन करत आहात का?' असे गूगल विचारते. मी तर काहीच करत नव्हतो.

ही सूचना बनावट नसेलही, पण मग साइन इन करणारा दुसरा कोणी आहे आणि त्याच्याकडे तुमचा पासवर्ड असू शकतो. 'नाही, मी नाही' हेच दाबा. ती रात्री-अपरात्री वारंवार आली, तरी वैतागून 'होय' म्हणू नका. वैताग यावा म्हणूनच ती पुन्हा पुन्हा धाडली जाते. 'पुष्टीसाठी होय दाबा' असा फोन गूगलच्या नावाने आला, तर तो तिथेच ठेवून द्या. नंतर सेटिंग्जमधल्या 'गूगल'मधून खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात जा, पासवर्ड बदला आणि 'युअर डिव्हाइसेस'मध्ये ओळखीचे नसलेले प्रत्येक उपकरण साइन आउट करा. तोच पासवर्ड इतर कुठे वापरला असेल, तर तिथलाही बदला, ईमेल आणि बँकेपासून सुरुवात करून.