छिद्रं पाडली, पण लहर अडेना

प्रश्न : प्रोजेक्टसाठी १.६ मि.मी. जाडीच्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या) बोर्डावर ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप लाइन (वर तांब्याची पट्टी, खाली तांब्याचा ग्राउंड प्लेन) केली. फोटॉनिक क्रिस्टलसारखा (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी अडवणाऱ्या नियमित रचनेसारखा) परिणाम मिळावा म्हणून ग्राउंड प्लेनमध्ये समान अंतरावर गोल छिद्रं ठेवली. सिम्युलेशनमध्ये ५ गिगाहर्ट्झजवळ एस-२१ (लाइनमधून पार जाणारा सिग्नल) खोल खाली जातो. व्हीएनएवर (तो मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरवर) मात्र रेघ जवळजवळ सपाट. चूक कुठे?

उत्तर : मोजताना बोर्ड कशावर ठेवला होता, ते आधी पाहा. ग्राउंडची बाजू धातूच्या टेबलाला किंवा फिक्श्चरला टेकली की छिद्रं खालून बुजतात, ग्राउंड पुन्हा अखंड होतो आणि क्रिस्टल उरतच नाही. सिम्युलेशनमध्ये खाली हवा धरलेली असते. चार कोपऱ्यांना १०-१५ मि.मी. उंचीचे नायलॉनचे स्पेसर लावा. घाई असेल तर थर्माकोलचा जाड तुकडाही चालतो, लहरींना तो जवळपास हवेसारखाच.

तरीही अडवलेल्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा दिसला नाही, तर मापं तपासा. दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर लाइनमधल्या तरंगलांबीच्या निम्मं हवं. ३ मि.मी. रुंद लाइनला परिणामकारक (इफेक्टिव्ह) डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.३ च्या आसपास येतो, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला हवेतले ६० मि.मी. लाइनमध्ये ३३ होतात आणि अंतर १६.५ मि.मी. निघतं. त्रिज्या अंतराच्या पाव, सुमारे ४.१ मि.मी. ती वाढवली तर पट्टा रुंदावतो, पण खालच्या पासबँडमध्ये (जिथून सिग्नल जायला हवा तिथे) रिपल, म्हणजे चढउतार, वाढतो. टोकांकडची छिद्रं क्रमाने लहान केली की तो बराच आटोक्यात येतो. छिद्रं फक्त तांब्यात, एचिंगने (रसायनाने तांबं विरघळवून) करायची. ड्रिल घातलंत तर वरची लाइनच तुटेल!

रांग लाइनच्या बरोबर खाली हवी. दोन्ही बाजूंच्या फिल्म (एचिंगसाठीचे नकाशे) सरकल्या आणि लाइन दोन रांगांच्या मधून गेली, तर परिणाम जवळपास नाहीसा होतो. विद्युतक्षेत्र लाइनखालीच एकवटलेलं असल्यामुळे आजूबाजूला रांगांची गर्दी करून उपयोग नाही. एका रांगेत सहा-सात छिद्रं पुरतात. उलट लांबी वाढवली तर एफआर-४ ५ गिगाहर्ट्झला दर सेंटिमीटरमागे सुमारे ०.१५ डेसिबल खातो. पट्टा ५ ऐवजी ४.८ गिगाहर्ट्झवर आला, तर अंतराला ४.८/५ ने गुणा, १५.८ मि.मी. येईल.

प्रश्न : हेच ६० गिगाहर्ट्झला चालेल?

उत्तर : नुसतं अंतर बारा पट कमी करून नाही, बोर्डाची जाडीही त्याच प्रमाणात उतरायला हवी. तिथे गॅप वेव्हगाइड (धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या फटीतून लहर नेणारी रचना) बरा. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या पेर-सिमोन किल्डाल यांनी तो २००९ मध्ये मांडला. लहरीच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाव तरंगलांबी, म्हणजे १.२५ मि.मी. उंच धातूच्या खुंट्यांच्या दोन-तीन रांगा, वर झाकण. खुंट्या आणि झाकण यांत फट ठेवायची, पण पाव तरंगलांबीपेक्षा बरीच कमी; ०.२ मि.मी. सोयीची. खुंट्यांच्या रांगांमध्ये लहर आडवी पसरत नाही, त्यामुळे झाकणाचा सांधा घट्ट नसला तरी गळती होत नाही. फट वाढत गेली की अडवल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा आकसतो, म्हणून झाकण वाकणार नाही इतकं जाड घ्या.