‘राजवाडेंचे निधन धुळेमध्ये’ : नोंदीतली गावांची नावे

प्रश्न असा आहे : खान्देशातल्या व्यक्ती, गावे आणि पक्षी यांवर छोट्या नोंदी लिहिताना ‘इतिहासाचार्य राजवाडेंचे निधन धुळेमध्ये झाले’ असे वाक्य चालेल का?

अर्थ कळतो, पण वाक्य दोनदा अडखळते. धुळे हा तळे, ठाणे, पुणे यांच्या पंगतीतला शब्द. पाणी ‘तळेत’ नसते, तळ्यात असते. म्हणून धुळ्यात, धुळ्याचा, धुळ्याहून. ‘मध्ये’ हवेच असेल तर धुळ्यामध्ये. अहिराणी बोलणाराही ‘धुयाले’, ‘धुयामा’ म्हणतो. जिभेला हे वळण आहेच, घोळ लिहितानाच होतो. ‘राजवाडेंचे’ याचेही तेच : राजवाड्यांचे, किंवा राजवाडे यांचे.

नोंदीचे पहिले वाक्य मी असे करीन : ‘वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले.’ ‘यांचे’, ‘येथे’ हे सुटे शब्द. नावाला धक्का लागत नाही. शोधणाऱ्याचीही सोय होते, कारण ‘शहादा’ असे शोधले तर ‘शहाद्यात’ सापडत नाही. पुढच्या वाक्यांत मात्र बेलाशक सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी बदललेले रूप (धुळ्या-, शहाद्या-), वापरावे. ओळीओळीला ‘येथे’ आले की नोंद तहसील कचेरीच्या पत्रासारखी वाचली जाते.

‘धुळे जिल्ह्यात’, ‘शहादा तालुक्यात’ हे बरोबर. प्रत्यय जिल्ह्याला, तालुक्याला लागला आहे. ‘शहाद्या तालुक्यात’ करू नये.

शिरपूर, फैजपूर, नवापूर यांत ‘पू’ दीर्घ. ‘शिरपुरात’ म्हणताना सामान्यरूप होते, म्हणून तिथे ऱ्हस्व. ‘शिरपूरला’, ‘शिरपूरचा’ यांत प्रत्यय थेट नावाला चिकटतो, म्हणून दीर्घच.

बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव कुणी आसोदे लिहितो, कुणी आसोदा. सामान्यरूप दोन्हींचे एकच, आसोद्यात. त्यामुळे ‘आसोद्यात जन्म’ एवढ्यावरून मूळ नाव ठरवायला जाऊ नये. पारोळे-पारोळा, चोपडे-चोपडा यांचीही तीच गत. एक रूप निवडावे आणि सगळ्या नोंदींत तेच ठेवावे.

पक्ष्यांच्या नोंदीत चूक वेगळीच होते. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ पुन्हा आढळला. त्याच्याबद्दल ‘या पक्षाचा अधिवास’ असे लिहिले की घुबड थेट निवडणुकीला उभे राहते. पक्ष–पक्षाचा, पक्षी–पक्ष्याचा. तो ‘य’ गाळू नका. नुसते ‘रानपिंगळ्याचा अधिवास’ लिहिले तर प्रश्नच मिटतो.

पाचोऱ्याच्या नोंदीत कळफलकाची अडचण येते. साधा र, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि य टंकले की ‘पाचोर्यात’ उमटते, आणि ते ‘कार्यात’सारखे वाचले जाते. इथे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग य : पाचोऱ्यात.