आरशासमोर जमणारी जादू चारचौघांत का फसते? वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी सराव कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर पत्त्यांचे आणि नाण्यांचे प्रयोग आरशासमोर बसवलेत, मित्र बघून चाट पडतात, पण सोसायटीच्या गणपतीत लहान पोरांनी हातातलं नाणं पकडलं. आता मावसबहिणीचा साखरपुडा तोंडावर आलाय, तर प्रत्येक ठिकाणासाठी नवे प्रयोग शिकायचे का?

नवे शिकू नका. आहेत त्यातले चार-पाच ठेवा आणि ते कुठे, कसे, कोणत्या कपड्यांत करणार याचा सराव करा. मी नोकरी सांभाळून पुण्यात लग्नं, मुंजी, वाढदिवस अशा ठिकाणी माणसांत फिरून जादू करतो, त्या अनुभवावरून लिहितोय. गुपितं इथे फोडणार नाही. तुम्ही शिकताय, त्यामुळे कशाबद्दल बोलतोय ते कळेलच.

आधी पोरांचं बघू. ती सतरंजीवर बसली असणार आणि तुम्ही उभे. म्हणजे त्यांचे डोळे तुमच्या कमरेच्याही खाली. बोटांच्या मुळाशी दडवलेलं नाणं समोरून दिसत नाही, पण खालून त्याची कड चमकते. आरशात तुम्ही हात कायम स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलेत, म्हणून हे कधी लक्षातच आलं नाही. शिवाय मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोललात की तो क्षणभर तुमच्याकडे बघतो, निदान शिष्टाचार म्हणून. सात वर्षांच्या पोराला असला शिष्टाचार ठाऊक नसतो, ते मुठीकडेच टक लावून बसतं. म्हणून पोरांसमोर मी सरळ सतरंजीवर मांडी घालून बसतो आणि जादू त्यांच्याच मुठीत होईल असे प्रयोग घेतो. स्पंजचे गोळे त्यासाठी उत्तम. ‘पान लक्षात ठेव, कुणाला सांगू नकोस’ हा प्रकार पोरांसमोर करू नका. तुम्ही पाठ फिरवायच्या आत ‘बदाम सत्ती!’ अशी आरोळी येते.

आता सराव. आरशाचा आणखी एक तोटा असा, की नेमक्या चोरट्या क्षणी आपण स्वतःच डोळे मिचकावतो. चूक दिसायच्या वेळी डोळे मिटलेले! जादूगारांमध्ये ही जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली खोड आहे. मोबाइलचा कॅमेरा डोळे मिचकावत नाही. तो एकदा जमिनीवर ठेवा, एकदा टेबलाच्या उंचीवर, एकदा स्वतःच्या उजव्या खांद्यामागे. आपल्याकडे माणसं मागे येऊन उभी राहतातच, त्यांना थोपवता येत नाही, म्हणून पाठीशी भिंत घ्यायची सवय लावा.

कॅमेऱ्यापुढे दुसरी एक गोष्ट करा. उजव्या हातातलं नाणं खरोखर डाव्या हातात ठेवा. काही लपवू नका, नुसतं ठेवा, आणि हे आठ-दहा वेळा रेकॉर्ड करा. मग तीच कृती चलाखीने करून रेकॉर्ड करा. दोन्ही एकामागोमाग पाहिलेत की फरक डोळ्यांत भरतो: खऱ्या वेळी उजवा हात सैल पडून खाली जातो, खोट्या वेळी त्याचा अंगठा ताठ राहतो. खऱ्या वेळी तुम्ही डाव्या मुठीकडे बघता, खोट्या वेळी नजर उजव्या हाताकडे एकदा तरी जातेच. खोटी कृती घटवत बसण्यापेक्षा खरी कृती कशी होते हे बघण्यात जास्त वेळ घाला.

आणि हे सगळं त्या दिवशीच्या कपड्यांत करा. हे कुणी सांगत नाही! जीन्स घालून बसवलेला प्रयोग साखरपुड्याला झब्बा घालून केलात, की खिसा हाताला सापडत नाही. झब्ब्याचा खिसा बाजूच्या शिवणीत, खोल, आणि हात घातला की अख्खा झब्बा ओढला जातो. मांडी घालून बसलात तर पँटचा खिसा संपलाच. टेबलावर बसून ‘मांडीत सोडायचं’ ज्या प्रयोगांत असतं, ते भारतीय बैठकीवर चालत नाहीत. बाहीचा संशय मात्र हाफ बाह्यांच्या शर्टाने परस्पर मिटतो.

जागेनुसार खेळ कसा बदलतो हे बघायचं तर वाट्या-गोळ्यांचा खेळ बघा. पाश्चात्त्य जादूगार तो टेबलामागे उभा राहून करतो. त्याचे पेले उंच, अंगावर कोट, खिसे भरपूर. आपल्याकडचा मदारी रस्त्यावर जमिनीवर बसतो. टेबल नाही, कोट नाही, भोवती माणसांचं कडं. त्याच्या वाट्या उथळ आणि वर धरायला बोंड असलेल्या. ते बोंड बोटांत धरून वाटी उचलायची ढबच निराळी आणि सगळी हातचलाखी त्या पकडीभोवती रचलेली. आणि अर्जेंटिनाचे जादूगार रेने लाव्हांद (१९२८–२०१५) बघा. लहानपणी अपघातात त्यांचा उजवा हात गेला. ते एकट्या डाव्या हाताने, तेही संथपणे, कॉफीचा कप आणि पावाचे तीन कण घेऊन याच जातीचा खेळ करायचे. मुळात कल्पना एकच, वस्तू इकडून नाहीशी होते आणि तिकडे सापडते. बाकी सगळं जागेने आणि शरीराने ठरवलेलं.

नाण्यांच्या बाबतीत एक अडचण तुम्हालाही आली असणार. परदेशी व्हिडिओंत अमेरिकन हाफ डॉलर वापरतात. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर, वजन ११.३४ ग्रॅम. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. मोठ्या तळव्यात ते नीट धरलंच जात नाही आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात वाईट. आजीच्या डब्यात राजाछाप चांदीचा रुपया असेल तर मागून बघा. ११.६६ ग्रॅम आणि साधारण साडेतीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ हाफ डॉलरच. सरावाला झकास. समारंभात मात्र दहाचंच नाणं घ्या आणि ते तळव्याऐवजी बोटांत लपवण्याच्या पद्धती शिका. आजच्या माणसाला चांदीचा रुपया दिसला की तो आधी नाणंच तपासत बसतो.

पत्त्यांचंही तसंच. हातात कॅट घेऊन पंखा उघडलात, एका हाताने कापलात, की रमी खेळून केस पांढरे झालेले काका मनात म्हणतात, ‘हा पत्तेबाज दिसतोय.’ मग पुढे काहीही केलं तरी श्रेय बोटांना जातं, जादूला नाही. त्यांच्यासमोर साधं पिसा, घरी जसं पिसतात तसं. त्याहून बरं म्हणजे त्यांनाच पिसायला द्या. गौरी-गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटणारी मंडळी मी सगळ्यात कठीण प्रेक्षक मानतो, कारण वाटताना कुणाची नजर कुठे असते हे त्यांना पाठ असतं. आणि पावसाळ्यात कागदी पत्ते दमटपणाने फुगतात, चिकटतात. दोन पानं एक म्हणून उचलायची असतील तर ते एरवी सोयीचं, पण पंखा उघडताना तुमची फजिती करतं. कॅट डबीतच ठेवा, लागेल तेव्हाच काढा.

‘परत दाखव!’ हे आपल्याकडे हमखास येतं. नकार देणं उद्धटपणाचं दिसतं, परत तेच केलं तर पकडलं जातं. यावर जुना उपाय म्हणजे पान मधे घालूनही पुन्हापुन्हा वर येण्याचा प्रयोग, कारण त्याची रचनाच पुनरावृत्तीची आहे. १९२२ साली शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी याच कल्पनेवर प्रसिद्ध जादूगार हूदिनीला चकवलं होतं. तीनदा दाखवा, मी कोणतीही युक्ती ओळखतो अशी हूदिनीची बढाई होती, आणि तीनहून जास्त वेळा पाहूनही त्याला ती उलगडली नाही. प्रत्येक फेरीत आतली पद्धत बदलली, की बघणाऱ्याने बांधलेला प्रत्येक तर्क पुढच्या फेरीत कोसळतो.

बुफेत लोकांच्या एका हातात ताट असतं, म्हणून ‘हे दोन्ही हातांनी धरा’ असले प्रयोग तिथे बाद. हॉटेलात ऑर्डर दिल्यापासून वाढप येईपर्यंतची पाच-सात मिनिटं तुमची. सूप आलं की थांबा, पान सापडलं नसलं तरी. डीजे चालू असेल तर गोष्ट सांगत करायचे प्रयोग सोडून न बोलता कळणारे घ्या. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या भावाला दाखवायचं असेल तर कोन सोपे होतात, कारण कॅमेरा एकाच जागी असतो. पण तुम्ही कुठेही बघा, तो चौकटीतलं सगळं सारख्याच लक्षाने दाखवतो, त्यामुळे नजर वळवून चोरलेला क्षण तिथे उघडा पडतो.

मग साखरपुड्याला काय न्याल? स्पंजचे गोळे, दहाची तीन नाणी आणि एक कॅट पुरे. वर-वधूला एकेकच प्रयोग दाखवा, तोही फोटोची रांग ओसरल्यावर. कुणाची सोन्याची अंगठी मागून घेऊ नका. हरवली नाही तरी ती हातात परत येईपर्यंत अर्धं कुटुंब जादू सोडून अंगठीकडेच बघत राहतं. ज्यांनी जादूगार रघुवीरांसारख्यांचे रंगमंचावरचे प्रयोग पाहिलेत ते आजी-आजोबा लांबच्या खुर्चीवर बसून वाट बघतात, त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा आणि गोळा त्यांच्याच तळव्यावर ठेवा. ‘मुठीत आहे, मुठीत आहे!’ म्हणणारा एखादा दादा भेटेलच. त्याच्याशी हुज्जत घालू नका, ‘दादा, हा कॅट तुम्ही सांभाळा’ म्हणून त्याचे हात गुंतवून टाका. आणि दुसरा कॅट गाडीत ठेवा, पहिल्यावर कोणीतरी सरबत सांडतंच.